सॅम राईसने तो कॅच घेतला होता का? (आणि शंभर वर्षांपूर्वीचं बाकीचं बेसबॉल)

डीसीकर
मंडळी, मराठी संस्थळावर बेसबॉलचा धागा काढतोय म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवूनच काढतोय. आधी वाचा, मग हाणा.

झालं असं की गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांना बघायला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात गेलो होतो. कॉरिडॉरमधून चालताना फरशीवर एक पंचकोनी खूण दिसली. म्हटलं काय भानगड आहे, वाचलं तर ती होमप्लेट! म्हणजे बॅट घेऊन उभं राहायची जागा. इथे पूर्वी ग्रिफिथ स्टेडियम होतं, १९६५ साली पाडलं, त्या जागेवर हे हॉस्पिटल. माझ्यासमोरून एक वॉर्डबॉय व्हीलचेअर ढकलत त्या खुणेवरून निघून गेला, त्याने खाली बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून शंभर वर्षांपूर्वीच्या मॅचेस वाचत बसायचा नाद लागलाय. बायको म्हणते, मेलेल्या माणसांचे स्कोअर काय बघतोस. तर आता मूळ प्रश्न.

१० ऑक्टोबर १९२५, वर्ल्ड सिरीजची (मोसमाअखेरची फायनल, जास्तीत जास्त सात मॅचेसची) तिसरी मॅच, हेच ग्राउंड. वॉशिंग्टन विरुद्ध पिट्सबर्ग. वॉशिंग्टन ४-३ ने पुढे, आठवी इनिंग (नऊ असतात, तीन आउट झाले की डाव बदलतो), दोन आउट. पिट्सबर्गच्या अर्ल स्मिथने उजव्या बाजूला लांब टोला हाणला. सॅम राईस पळत गेला, उडी मारली, आणि कठड्यावरून पलीकडे प्रेक्षकांत पडला. दिसेनासाच झाला! दहा-पंधरा सेकंदांनी वर आला तर ग्लव्हमध्ये चेंडू. अंपायरने आउट दिलं. पिट्सबर्गवाले खवळले, त्यांचा मालकही तावातावाने भांडायला पुढे. म्हणणं एकच, खाली पडल्यावर चेंडू सुटला आणि कुण्या प्रेक्षकाने परत ग्लव्हमध्ये कोंबला. निकाल बदलला नाही, वॉशिंग्टनने मॅच ४-३ नेच घेतली.

पुढे पन्नास वर्षं लोक राईसला विचारत राहिले, बाबा रे, घेतला होतास का? बेसबॉलचे कमिशनर जज लँडिस यांनी विचारलं तेव्हाही उत्तर तेच: "अंपायरने आउट दिलं ना."

तुम्हाला काय वाटतं? घेतला होता का?

तिरकस
बेसबॉल म्हणजे तोच ना, ज्यात एकाच देशाच्या टीम खेळतात आणि जिंकणाऱ्याला जगज्जेता म्हणतात? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डीसीकर
@तिरकस, तेव्हा तर अख्ख्या देशाच्याही नव्हत्या :) मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, सोळा टीम, आणि सगळ्यात पश्चिमेची टीम सेंट लुईसची. म्हणजे आपल्याकडे पुणे-सोलापूरपर्यंतच सामने घ्यायचे आणि भारतविजेता जाहीर करायचा.

गोलंदाज_गण्या
क्रिकेटमध्ये हा वादच झाला नसता. दोरीला पाय लागला की सिक्स, विषय संपला. कठड्यापलीकडे पडून कॅच कसला?

नलू_न्यूजर्सी
गण्या, बेसबॉलमध्ये कठड्यावरून हात घालून कॅच घेता येतो रे. आधी पकडला आणि नंतर पलीकडे पडलास तरी आउटच. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की शेवटपर्यंत चेंडू हातात होता का नव्हता.

माझ्या नातवाच्या टीमचा स्कोअर मी लिहिते म्हणून थोडं सांगते. बेसबॉलच्या वहीत प्रत्येक फील्डरला नंबर असतो, पिचर (म्हणजे बोलर) १, कॅचर (विकेटकीपरसारखा) २, असं करत राइट फील्डला ९. राईस त्या इनिंगमध्ये राइट फील्डला उभा होता. म्हणजे डीसीकर, एवढं महाभारत झालं ते वहीच्या चौकटीत फक्त "९" असं लिहिलं गेलं असणार! पुढे एक छोटा गोल करून त्यात तिसरा आउट. मी परवा मुद्दाम एका कागदावर तसं लिहून बघितलं, खरंच इतकंच दिसतं. पडला, गायब झाला, भांडणं झाली, काही काही नाही.

पण गंमत म्हणजे याच वहीमुळे शंभर वर्षांपूर्वीची मॅच आज चेंडू न् चेंडू नसली तरी बॅटर बाय बॅटर वाचता येते. ज्याने स्ट्राइकआउटसाठी (तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट) के हे अक्षर रूढ केलं तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटवाला. बॅटर बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून आउट झाला तर उलटा के काढतात. नातवाच्या नावापुढे सध्या उलटेच के जास्त आहेत.

तिरकस
उलटा के. माझ्या प्रगतिपुस्तकावर चालला असता.

अण्णा_शनिवारपेठी
डीसीकर, विषय छान काढलात. मी ऐंशीच्या दशकात सात वर्षं पिट्सबर्गला होतो, त्यामुळे निकाल आधीच सांगतो: घेतला नव्हता! आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनी मला हेच सांगितलंय आणि मी त्यांच्या बाजूने आहे. आणि एक तुम्ही सोयीस्करपणे लिहिलं नाहीत, ती सिरीज शेवटी पिट्सबर्गनेच जिंकली. ३-१ ने मागे असताना. सातवी मॅच भर पावसात, चिखलात, वॉशिंग्टनचा थोरला वॉल्टर जॉन्सन बिचारा ओल्या चेंडूने टाकतोय आणि आमचे लोक मारतायत, ९-७. म्हणजे राईसचा कॅच धरला काय, सोडला काय.

आता तुम्ही १० ऑक्टोबर म्हणालात म्हणून सांगतो, ही तारीखच विचित्र आहे. ओळीने बघा.

१९२० ला याच तारखेला क्लीव्हलँडच्या बिल वॉम्बस्गॅन्सने एकट्याने एका फटक्यात तीन आउट केले. हवेतला चेंडू पकडला, सेकंड बेसवर पाय दिला, आणि समोर पळत आलेल्याला चेंडू टेकवला. वर्ल्ड सिरीजमध्ये हे आजवर पुन्हा झालेलं नाही. १९२३ ला नव्याकोऱ्या यांकी स्टेडियममधली पहिली वर्ल्ड सिरीज मॅच, त्यात केसी स्टेंगलने नवव्या इनिंगमध्ये चेंडू मैदानातच असताना चारही बेस पळून होमरन काढला, धावताना बुटातलं काहीतरी सटकलं म्हणून लंगडतोय असं लोकांना वाटत होतं. १९२४ ला जॉन्सनची ती प्रसिद्ध सातवी मॅच. १९२५ राईस. १९२६ ला अलेक्झांडरने लॅझेरीला काढलं. सगळं १० ऑक्टोबर! पंचांगात बघायला पाहिजे.

खडीसाखर
अण्णा, १९२४ चं सविस्तर सांगा की. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण गोष्ट असेल तर आवडते.

डीसीकर
खडीसाखर, १९२४ मी सांगतो, ते आमच्या वॉशिंग्टनचं आहे, अण्णांच्या हातात दिलं तर त्यातही पिट्सबर्ग जिंकेल.

वॉल्टर जॉन्सन हा त्या काळातला सगळ्यात वेगवान पिचर, टोपणनाव 'बिग ट्रेन'. १९०७ पासून खेळत होता आणि टीम बऱ्याचदा तळाला. पुढे एकूण ४१७ मॅच जिंकल्या, ११० वेळा समोरच्या टीमला एकही रन करू दिला नाही, पण वर्ल्ड सिरीज म्हणून काही बघायला मिळेना. छत्तिसाव्या वर्षी एकदाची मिळाली. आणि त्यात पहिली मॅच हरला, पाचवीही हरला. गावात सुतकच. सातव्या मॅचला राष्ट्राध्यक्ष कूलिज हजर. आठव्या इनिंगमध्ये आपण ३-१ ने मागे. मग बकी हॅरिसने, हा सत्तावीस वर्षांचा पोरगा टीमचा मॅनेजरही होता, साधा जमिनीवरून चेंडू मारला, तो न्यूयॉर्कच्या थर्ड बेसवाल्याच्या, फ्रेडी लिंडस्ट्रॉमच्या, डोक्यावरून उसळून गेला. दोन रन, ३-३. लिंडस्ट्रॉम अठरा वर्षांचा!

नवव्या इनिंगला जॉन्सनला बोलावलं. दमलेला, दोनदा हरलेला. त्याने चार इनिंग एकही रन दिला नाही. बारावी इनिंग आली. आमच्या मडी रूएलने चेंडू सरळ वर उडवला, बच्चा बच्चा पकडेल असा. न्यूयॉर्कचा कॅचर हँक गाउडीने मास्क काढून खाली टाकला, वर बघत पळाला आणि स्वतःच्याच मास्कमध्ये पाय अडकवून घेतला. कॅच सुटला. रूएलने पुढच्या संधीला दोन बेस मारले. मग जॉन्सनचा साधा फटका, फील्डरने चूक केली. आणि मग आमच्या मॅकनीलीने पुन्हा थर्ड बेसकडे साधा जमिनीवरचा फटका मारला आणि तो पुन्हा त्याच पोराच्या डोक्यावरून! खडा लागला म्हणतात. रूएल होमप्लेटला पोचला, ४-३.

त्याची काही मिनिटांची फिल्म २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका गॅरेजच्या माळ्यावर सापडली. त्यात शेवटचा रन होतो आणि लोक मैदानात घुसतात. मी ती किती वेळा बघितली ते बायकोला सांगू नका.

मैना
त्या अठरा वर्षांच्या पोराचं मला फार वाईट वाटलं. एकच खडा दोनदा??

अर्धा_वकील
ग्राउंड्समनला साक्षीला बोलवा.

गोलंदाज_गण्या
माझा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही लोक हे सगळं "आठवताय" कसं? तुमच्यातल्या कुणीच बघितलेलं नाही. मी सचिनची शारजा बघितली, ती माझी आठवण. ही कसली, उसनी?

अण्णा_शनिवारपेठी
गण्या, १ डिसेंबर १९२६ ला सी. के. नायडूंनी बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीला १५३ मारले, अकरा सिक्स. म्हणजे लॅझेरी आउट झाल्यावर दोन महिन्यांच्या आत. तू बघितलेस? नाही. पण तुझ्या घरी कुणीतरी "आमचे आजोबा झाडावर बसून बघत होते" सांगितलं असेलच. मुंबईत जितक्या आजोबांनी ती इनिंग झाडावरून बघितली तितकी झाडंच जिमखान्यावर नव्हती.

गोलंदाज_गण्या
हहपुवा. आमचे पणजोबा खरंच होते पण. (झाडावर नाही, कठड्यावर.)

तिरकस
सॅम राईसशेजारी?

मैना
मी थोडं गंभीर लिहू का. मला या काळातला एकच माणूस माहीत आहे, रे चॅपमन. क्लीव्हलँडचा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर. १६ ऑगस्ट १९२० ला न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेजचा चेंडू डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. मेजर लीगच्या मॅचमध्ये चेंडू लागून जीव गेलेला एकमेव खेळाडू. तेव्हा हेल्मेट नव्हतं, आणि चेंडू एकच एक मॅचभर वापरायचे, त्यावर थुंकी, तंबाखू, माती काय काय चोळलेलं, काळाकुट्ट झालेला, संध्याकाळी दिसायचाच नाही. फटक्याचा आवाज इतका मोठा झाला की मेजला वाटलं बॅटला लागला, त्याने चेंडू उचलून फर्स्ट बेसकडे फेकला. ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे रमण लांबा गेला १९९८ मध्ये, ढाक्याला शॉर्ट लेगला उभा होता, तेव्हा मी शाळेत होते, बाबा जेवता जेवता उठले होते.

त्यानंतर अंपायर मळलेला चेंडू बाजूला काढून नवा द्यायला लागले. चॅपमनच्या जागी थोड्याच दिवसांत जो सीवेल आला, तो १९२५ मध्ये ६०८ वेळा बॅटिंगला येऊन फक्त चारदा स्ट्राइकआउट झाला. आणि चॅपमन गेला त्याच वर्षी, १९२० ला, क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज जिंकली, अण्णांनी सांगितलेला तीन आउटवाला प्रकार त्याच सिरीजमधला.

खडीसाखर
बाप रे. माहीत नव्हतं. त्या मेजचं पुढे काय झालं?

मैना
खेळत राहिला, दोनशेवर मॅच जिंकला. लोकांना आठवतो तो एकाच चेंडूसाठी.

कोपऱ्यातला
धागा वाचतोय. सगळं छान आहे पण एक राहतंय. तुम्ही ज्यांना आठवताय ते सगळे गोरे. ती सोळा टीमची लीग काळ्या खेळाडूंना बंद होती, १९४७ पर्यंत. त्यांची स्वतःची लीग रूब फॉस्टरने फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीच्या एका वायएमसीएमध्ये बैठक घेऊन उभी केली. डीसीकरांच्या १९२४ च्या मॅचनंतर दहाच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, काळ्या टीम्सची पहिली वर्ल्ड सिरीज संपली, कॅन्सस सिटी मोनार्क्स विरुद्ध हिलडेल. नऊ मॅचेसची असून दहा चालली कारण एक बरोबरीत सुटली. शेवटच्या मॅचला मोनार्क्सचा मॅनेजर होझे मेंडेझ, क्यूबाचा, उतरत्या वयातला माणूस, स्वतः पिचिंगला उतरला आणि समोरच्यांना शून्यावर ठेवलं, ५-०. जॉन्सनची गोष्ट आणि ही, दोन्ही त्याच महिन्यातल्या, दोन्हीत म्हातारा पिचर. एक किती जणांना माहीत आहे आणि दुसरी किती जणांना?

मेजर लीगने त्या लीग्जचे आकडे स्वतःच्या रेकॉर्डमध्ये धरले ते थेट २०२४ मध्ये. तेव्हा टाय कॉबची कारकिर्दीची सर्वोत्तम बॅटिंग सरासरी दुसऱ्या नंबरला गेली आणि काळ्यांच्या लीगमधला जॉश गिब्सन वर आला. आणि हो, गिब्सन त्याच ग्रिफिथ स्टेडियममध्ये खेळायचा, डीसीकरांच्या फरशीवरच्या होमप्लेटला उभा राहून.

आपल्याकडचं सांगायला नको. दलित बोलर पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढून आला, आणि त्याआधी पुण्यात खेळायचा तेव्हा त्याला चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात. हिंदूंच्या टीमची कॅप्टनशिप त्याला शेवटपर्यंत नाही, भाऊ विठ्ठलला मिळाली ती १९२३ मध्ये.

डीसीकर
कोपऱ्यातला, मान्य. माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतं. परत गेलो की त्या फरशीकडे वेगळ्या नजरेने बघेन.

अण्णा_शनिवारपेठी
+१. पिट्सबर्गची होमस्टेड ग्रेज टीम ती. गिब्सन आमचाच.

तिरकस
अण्णा, तुमच्या गावचं नाही असं काही आहे का जगात?

नलू_न्यूजर्सी
अण्णांनी १९२६ चं अर्धवट सोडलं ते मी पूर्ण करते, माझी आवडती आहे. सेंट लुईसचा ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर, एकोणचाळीस वर्षांचा, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढून आलेला, कानाने कमी ऐकू येणारा, फिट्स येणारा, दारूत बुडालेला. आदल्या दिवशी सहावी मॅच पूर्ण टाकून जिंकून दिलेली. सातव्या मॅचला सातव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले, ३-२ ने पुढे, आणि त्याला बोलावलं. रात्री प्यायला होता, नव्हता, यावर आजही भांडतात. समोर टोनी लॅझेरी, न्यूयॉर्क यांकीजचा नवखा पोरगा. त्याने एक चेंडू लांब डाव्या बाजूला मारला, जरासा बाहेर गेला, फाउल. मग स्ट्राइकआउट. मला चटका लावणारी गोष्ट ही की लॅझेरीलाही फिट्सचाच आजार होता. दोघं साठ फुटांवर समोरासमोर उभे.

आणि शेवट तर काय सांगू! नवव्या इनिंगला दोन आउट, बेब रूथ फर्स्ट बेसवर, बॅटिंगला म्यूझेल. आणि रूथ सेकंड बेस चोरायला, म्हणजे फटका लागायची वाट न बघताच, पळाला! आउट. सिरीज संपली. वहीत २-४, म्हणजे कॅचरकडून सेकंड बेसवाल्याकडे. अख्ख्या देशाचा लाडका, आणि मॅच संपली ती त्याच्या आगाऊपणावर.

गोलंदाज_गण्या
हे म्हणजे शेवटच्या ओव्हरला नसलेली रन चोरणं. रूथ आवडला मला. बाय द वे ब्रॅडमन आणि रूथ १९३२ मध्ये न्यूयॉर्कला भेटले होते ना?

नलू_न्यूजर्सी
हो, यांकी स्टेडियममध्ये शेजारी बसून मॅच बघितली.

खडीसाखर
आणि सगळ्यात लांब मॅच कुठली? हे शंभर वर्षांपूर्वीचे लोक दमत नव्हते वाटतं.

अण्णा_शनिवारपेठी
१ मे १९२०, बोस्टन. ब्रुकलिन विरुद्ध बोस्टन, सव्वीस इनिंग, १-१, अंधार पडला म्हणून थांबवली. दोन्ही बाजूंनी एकेकच पिचर, सव्वीसच्या सव्वीस. कॅडोर आणि ओश्गर. आणि सगळं पावणेचार-चार तासांत! मध्यंतरी, २०२२ पर्यंत, नऊ इनिंगलाच तीन तास लागायचे.

तिरकस
महाराष्ट्र दिनाची सुट्टी नव्हती म्हणून खेळले.

अर्धा_वकील
मूळ प्रश्नाकडे या. डीसीकर, तुम्ही पुरावाच दाबून ठेवलाय. राईसने पत्र लिहून ठेवलं होतं.

डीसीकर
वकीलसाहेब, मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, तुम्ही फोडलंत. हो. राईसने १९६५ मध्ये पत्र लिहून हॉल ऑफ फेमकडे (बेसबॉलचं म्युझियम) दिलं, मी मेल्यावर उघडा म्हणून. १३ ऑक्टोबर १९७४ ला तो गेला आणि मग उघडलं. त्यात लिहिलंय की मी उडी मारली, पाय कठड्याला लागले, मी पोटावर पलीकडे पहिल्या रांगेत पडलो, कंठमणी कशावर तरी आपटला आणि काही सेकंद मला भान राहिलं नाही, तेवढ्यात मॅकनीली आला (हो, तोच खड्यावाला!) आणि शर्टाला धरून मला बाहेर ओढलं. आणि शेवटी, एका क्षणासाठीही चेंडू माझ्या हातून सुटला नाही.

अर्धा_वकील
बस. उलटतपासणी. "भान राहिलं नाही" म्हणता आणि "एका क्षणासाठीही सुटला नाही" हेही म्हणता. भान नव्हतं तर तुम्हाला कसं कळलं? साक्षीदार स्वतःच्याच जबाबात अडकला.

अण्णा_शनिवारपेठी
बघा! मी काय म्हणत होतो! नव्हता घेतला.

नलू_न्यूजर्सी
काहीतरीच काय. बेशुद्धीत मूठ उलट आवळली जाते. माझी आई चक्कर येऊन पडली तेव्हा हातातली किल्ली सोडवायला दोघं लागले होते.

मैना
मला तर वाटतं त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, म्हणून तो "अंपायरने आउट दिलं" एवढंच म्हणत राहिला. ते खोटं नाही आणि खरंही नाही.

कोपऱ्यातला
राईसबद्दल एक माहीत असावं. १९१२ च्या एप्रिलमध्ये तो दुसऱ्या गावी टीममध्ये जागा मिळवायला गेला होता, आणि इकडे इंडियानात वादळाने घर उडालं. बायको, दोन्ही मुलं, आई, दोन बहिणी गेल्या, वडीलही काही दिवसांनी गेले. मग तो नौदलात गेला, तिथून पुन्हा बेसबॉल. त्याबद्दलही फारसं कधी बोलला नाही. २९८७ हिट्सवर थांबला, तीन हजाराला तेरा कमी, तेव्हा तेही कुणाला सांगत बसला नाही. गप्प राहणं हा त्याचा स्वभावच होता, कॅचपुरता नव्हता.

गोलंदाज_गण्या
हे वाचून माझा आक्षेप मागे. घेतला होता. आउट.

अर्धा_वकील
भावनिक युक्तिवाद. पण हरकत नाही, संशयाचा फायदा.

अण्णा_शनिवारपेठी
मी मत बदलणार नाही. पण एक विचारतो, तो चेंडू कुठे आहे? हॉल ऑफ फेममध्ये?

डीसीकर
नाही अण्णा. पत्रात तेही आहे. तो म्हणतो, मी चेंडू घेऊन आतल्या बाजूला धावत आलो, अर्ध्या वाटेत तो पिचरच्या उंचवट्याकडे टाकून दिला. पुढे कंसात लिहिलंय, नंतर कितीदा तरी वाटलं की ठेवून घेतला असता तर बरं झालं असतं.

मैना
तीन आउट झाले होते ना. म्हणजे त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात पिट्सबर्गच्या पिचरने तो तिथूनच उचलला असेल.

नलू_न्यूजर्सी
हो, आणि थोडा मळला असला तर अंपायरने बाजूला काढला असेल. चॅपमनमुळे.